कुलूप, किल्ली आणि किल्लीची जोड: वाशीम जिल्ह्यांतील दोन उदाहरणें

[ १ ]

जुन्या कागदपत्रांचा शोध करूं पाहणाऱ्याची पहिली गांठ कागदाशीं पडत नाहीं, कुलपाशीं पडते. दप्तर अमुक वाड्यांत आहे असें कळतें. तें शाबूत आहे हेंही कळतें. परंतु किल्ली परगांवीं गेलेल्या भाऊबंदाकडे आहे, किंवा दोघां विश्वस्तांपैकीं एकाजवळ आहे आणि दुसरा त्याच्याजवळ शब्द टाकण्यास राजी नाहीं, असें उत्तर मिळून त्यास परत फिरावें लागतें. अशा वेळीं दुसरी किल्ली करून घ्या म्हणून सुचविणें सोपें असतें. पण दुसरी किल्ली करण्याचा अधिकार कोणाचा? ती कोणाच्या अनुमतीनें करावी? केल्यावर ठेवावी कोठें? आणि ती कोणी न विचारतां केली तर तिला किल्ली म्हणावें कीं चोरीचें हत्यार म्हणावें? हे प्रश्न क्षुल्लक दिसतात, परंतु त्यांचा इतिहास लांबचा आहे आणि त्या इतिहासांतील दोन ठळक प्रकरणें वाशीम जिल्ह्यांतील आहेत. एक शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिराचें आणि दुसरें कारंजाच्या ग्रंथभांडारांचें. त्यांचा विचार करण्यापूर्वीं, किल्लीवर निर्बंध घालण्याची रीति आपल्याकडे कशी होती व पुढें ती कशी बदलली, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल' यावरून आला. 'चावी' पोर्तुगीजांकडून आली. अडसर, अडणा, कडी, कोयंडा हे आपले घरचे शब्द. यावरून कुलूप ही वस्तु आपल्यास ठाऊकच नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. संस्कृतांत 'तालक' व 'कुंचिका' हे शब्द आहेतच. तथापि या दोन प्रकारच्या शब्दांतील भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. अडसर आंतून घालतात, म्हणून तो घालणारा मनुष्य आंत असावा लागतो. कुलूप बाहेरून लावतात, म्हणून लावणारा निघून जाऊं शकतो. अडसर म्हणजे राखणदाराची हजेरी. कुलूप म्हणजे मालकाची गैरहजेरी. आणि जेथें मालक गैरहजर, तेथें किल्ली कोणाच्या हातीं, हा प्रश्न आलाच. सासूनें कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या स्वाधीन केला म्हणजे घरचा कारभार बदलला, असें आपल्या घराघरांत मानीत आले, त्याचें कारण हेंच. तेथें लोखंड हातीं दिलें जात नसे, अधिकार हातीं दिला जात असे.

[ २ ]

राज्यव्यवहारांत हा विचार फार जुना आहे. कौटिल्यानें कोशाच्या बांधणीचें वर्णन करतांना, संनिधात्यानें भूमिगृह बांधावें, त्यास एकच द्वार असावें, जिना यंत्रयुक्त असावा आणि वर देवतेची झांकण असावी, असें सांगितलें आहे. द्वार एक असावें हा त्यांतला मुद्दा महत्त्वाचा. द्वारें जितकीं अधिक, तितक्या किल्ल्या अधिक. आणि किल्ल्या जितक्या अधिक, तितके जबाबदार लोक अधिक व जबाबदारी तितकी पातळ.

शिवकालीन किल्ल्यांच्या बंदोबस्ताचे जे नियम आपल्यास ज्ञात आहेत, त्यांत हाच मुद्दा शिस्तीच्या रूपानें दिसतो. गडाचे दरवाजे सायंकाळीं लावणें व प्रातःकाळीं उघडणें हें काम हवालदाराचें. कुलूप नीट बसलें कीं नाहीं तें त्यानें आपल्या हातानें ओढून पाहावयाचें. किल्ल्या कितीही विश्वासू मनुष्य असला तरी त्याच्या हवालीं करावयाच्या नाहींत. सकाळीं दरवाजा उघडतांनाही त्यानें जातीनें हजर राहावयाचें. हाताखालच्या मनुष्यास पाठवून चालावयाचें नाहीं. गडावरील मुख्य अधिकाराची वांटणीही याच धोरणाची होती. सभासदानें इ. स. १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरींत हवालदार, सरनोबत व सबनीस हे तिघे एका दर्जाचे असून तिघांनीं मिळून कारभार करावा, अशी व्यवस्था सांगितली आहे. एकाच्या मनांत फितुरी आली तरी गड जाऊं नये, हा तिचा हेतु. म्हणजे, किल्ली एकाच्या हातीं, पण गड एकाच्या हातीं नाहीं. येथें किल्लीची जोड करण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. जोड नसणें हेंच तिचें बळ. तथापि या पद्धतींत एक उणीव उघड आहे. किल्ली हरवली, किंवा ती बाळगणारा एकाएकीं मेला, तर पुढें काय, याचें उत्तर कुलूप फोडणें याखेरीज दुसरें नाहीं.

बनावट किल्लीचें भय हें मात्र केवळ आपलेंच नव्हे. इंग्लंडांत पोर्टस्मथच्या गोदींत इ. स. १८१७ सालीं बनावट किल्ल्या चालवून चोरी झाली, तेव्हां आपल्या स्वतःच्या किल्लीखेरीज दुसऱ्या कशानेंही उघडणार नाहीं असें कुलूप करणाऱ्यास तेथील सरकारनें बक्षीस लाविलें. त्यावरून जेरेमाया चब यानें १८१८ सालीं असें कुलूप सिद्ध केलें कीं, त्यांत परकी किल्ली फिरविल्यास आंतला पडदा अडकून बसे आणि मालक आपली किल्ली लावावयास आला म्हणजे कोणी तरी प्रयत्न करून गेला आहे हें त्यास कळे. पुढें १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें हें कुलूप आणि ब्रामाचें त्याहून जुनें प्रसिद्ध कुलूप, अशीं दोन्ही किल्लीवांचून उघडून दाखविलीं. न उघडणारें कुलूप ही कल्पना तेव्हांपासून कारागिरांनीं सोडली. किती वेळांत उघडेल आणि उघडल्याची खूण राहील कीं नाहीं, एवढेंच ते पाहूं लागले.

आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनीं मुंबईस लालबागेंत १८९७ सालीं कुलपांचा कारखाना काढला. त्यांच्या 'गॉर्डियन' नांवाच्या कुलपाची रचना आमच्या विषयाच्या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. त्या कुलपास दोन किल्ल्या असत व दोहोंनीं तें उघडे. परंतु त्यांपैकीं एकीनें कुलपाची आंतली मांडणी बदलतां येई आणि मग दुसरी किल्ली निरुपयोगी होई. म्हणजे नोकराजवळ दिलेली किल्ली परत मागण्याची गरज मालकास राहिली नाहीं. ती त्याच्याजवळ असतांच तिचा अधिकार काढून घेतां येऊं लागला. किल्ली आणि अधिकार यांची फारकत यंत्राच्या द्वारें झाली ती अशी.

आजकाल कांहीं किल्ल्यांवर 'हिची नक्कल करूं नये' अशा अर्थाचीं अक्षरें कोरलेलीं असतात. हीं अक्षरें म्हणजे विनंति होय. तेवढ्यानें रस्त्यावर बसणाऱ्या चावीवाल्याचा हात धरला जात नाहीं. खरा निर्बंध असतो तो किल्लीच्या कोऱ्या पट्टीवर. कांहीं कारखाने विशिष्ट घडणीच्या कोऱ्या किल्ल्या बाजारांत विकीत नाहींत. नेमलेल्या कारागिरांसच देतात. आणि मालकानें कुलपाबरोबर मिळालेलें ओळखपत्र दाखविल्यावांचून तो कारागीर दुसरी किल्ली करून देत नाहीं. म्हणजे येथेंही शेवटीं लोखंडापेक्षां कागद श्रेष्ठ ठरला.

कायद्याची दृष्टि याहूनही स्पष्ट आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४४५ व्या कलमांत घरफोडीची व्याख्या करतांना भिंतीस भोंक पाडणें आणि कुलूप उघडणें हीं एकाच पंक्तीस बसविलीं होतीं. तेथील एक दृष्टांत असा: एकाची हरवलेली किल्ली दुसऱ्यास सांपडली, त्यानें त्याच खऱ्या किल्लीनें दार उघडून अपराधाच्या हेतूनें घरांत प्रवेश केला, तर ती घरफोडीच होय. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंही ३३० व्या कलमांत घरफोडीची ही कल्पना कायम ठेविली आहे. किल्ली खरी कीं बनावट, हा प्रश्न कायद्यास गौण वाटतो. ती लावणाराचा अधिकार खरा कीं बनावट, एवढेंच तो विचारतो. हें सूत्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें कारंजाच्या प्रकरणीं त्याचें काम पडणार आहे.

[ ३ ]

गडाच्या पद्धतींत एकच किल्ली होती. खजिन्याच्या पद्धतींत दोन आल्या. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें कंपनी सरकारच्या ताब्यांत गेला. पुढें वाशीम हें कांहीं काळ स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें होतें. १९०५ सालीं तो जिल्हा मोडून त्याचा मुलूख अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वांटला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून निघून वाशीम पुन्हा जिल्हा झाला. जिल्हा म्हटला कीं खजिना आला, आणि खजिना म्हटला कीं दुहेरी कुलूप आलें. खजिन्याच्या खोलीस भिन्न घडणीचीं दोन कुलपें. एकाची किल्ली खजिना-अधिकाऱ्याजवळ, दुसऱ्याची खजिनदाराजवळ. एकट्यास दार उघडतां येऊं नये, हा उद्देश. अठराव्या शतकांत निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचेही अंमलदार एकाच वऱ्हाडांत वसूल करीत, त्या दुअमलीनें रयत नाडली गेली; पण राज्यांत जी दुअमली वाईट ती तिजोरींत चांगली, हें या व्यवस्थेचें मर्म आहे.

मूळ किल्लीच्या जोडीचें काय करावें, याचाही नियम ठरला. केंद्र सरकारच्या जमा व खर्चासंबंधींच्या १९८३ च्या नियमांत रोकडीच्या पेटीबद्दल जें सांगितलें आहे तें नमुनेदार आहे. जोडीची किल्ली कार्यालयाच्या प्रमुखानें आपल्या मोहोरेनें बंद करून दुसरीकडे, म्हणजे खजिन्यांत किंवा बँकेंत, ठेवावयाची. तिची स्वतंत्र नोंदवही ठेवावयाची. आणि दरसाल एप्रिल महिन्यांत ती मागवून, तपासून, नव्या मोहोरेनें पुन्हा परत पाठवावयाची व ती बरोबर आढळल्याचा शेरा वहींत मारावयाचा. या एका नियमांत चार निरनिराळीं तत्त्वें आहेत: जोड असावी; ती मूळ किल्लीजवळ नसावी; ती कोठें आहे हें लिहिलेलें असावें; आणि ती खरोखर चालते कीं नाहीं याची वेळोवेळीं परीक्षा व्हावी.

यांपैकीं चौथें तत्त्व विसरल्यास काय होतें, तें ओरिसांतील पुरी येथें दिसून आलें. श्रीजगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडाराच्या आंतील दालनाची किल्ली सांपडत नाहीं असें एप्रिल २०१८ मध्यें उघड झालें. मोठा गवगवा झाला. जूनमध्यें जिल्हा कचेरीच्या अभिलेखांत जोडीच्या किल्ल्या असल्याचें लिहिलेलें पाकीट मिळालें. परंतु जुलै २०२४ मध्यें प्रत्यक्ष दालन उघडावयाच्या वेळीं त्या किल्ल्या कुलपांस लागेनात. शेवटीं कुलपें तोडावीं लागलीं. पाकिटावर किल्ली असें लिहिल्यानें आंतलें लोखंड किल्ली होत नाहीं.

बँकेच्या तिजोरीकप्प्यांची रीति तर जोडकिल्लीच्या अगदीं उलट आहे. तेथें कप्पा उघडण्यास गिऱ्हाइकाची आणि बँकेची अशा दोन्ही किल्ल्या लागतात, पण गिऱ्हाइकाच्या किल्लीची जोड बँक बाळगीत नाहीं. ती हरवली तर गिऱ्हाइकानें लेखी कळवावयाचें, पुढें सांपडल्यास ती बँकेस परत करण्याचें वचन द्यावयाचें, आणि बँकेनें आपल्या अधिकृत कारागिराकडून त्याच्या समक्ष कप्पा उघडवून कुलूप बदलावयाचें, खर्च गिऱ्हाइकाचा. रिझर्व्ह बँकेनें १८ ऑगस्ट २०२१ रोजीं काढलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या सूचनांत हा प्रकार नमूद आहे. हरवलेल्या किल्लीस उत्तर म्हणून नवी किल्ली करावयाची नाहीं, नवें कुलूप बसवावयाचें, हें या रीतीचें सूत्र. कारण हरवलेली किल्ली हीही एक जोडच असते; फरक इतकाच कीं ती कोणाजवळ आहे हें आपल्यास ठाऊक नसतें.

[ ४ ]

आतां शिरपूरकडे वळूं. मालेगांव तालुक्यांतील हें गांव अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळें सर्व जैन समाजांत प्रसिद्ध आहे. मूर्ति काळी असून ती भूमीस जवळ जवळ न टेकतां अधांतरीं आहे, अशी श्रद्धा आहे व त्यावरूनच 'अंतरिक्ष' हें नांव पडलें. एलिचपूरच्या राजास ही मूर्ति मिळाली, मागें वळून न पाहण्याच्या अटीवर ती नेण्याची त्यास अनुज्ञा झाली, शिरपुराजवळ त्याचा धीर सुटून त्यानें मागें पाहिलें आणि मूर्ति तेथेंच अधर राहिली, ही कथा सर्वश्रुत आहे. तीर्थ निदान चौदाव्या शतकाइतकें जुनें आहे. जिनप्रभसूरींच्या 'विविधतीर्थकल्प' या त्या शतकांतील ग्रंथांत श्रीपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांवर स्वतंत्र कल्प आहे. तेथील जुन्या मंदिराच्या शिलालेखांतील काल १४०६ असा वाचला गेल्याचें इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत नमूद आहे.

दिगंबर आणि श्वेतांबर हे दोन्ही पंथ या मूर्तीस पूज्य मानतात. पण पूजेच्या रीति भिन्न. श्वेतांबरांच्या रीतींत मूर्तीस चक्षु, टिळा व मुकुट असतो आणि परंपरेप्रमाणें लेपही होतो. दिगंबरांच्या दृष्टीनें जिनमूर्ति निरलंकार असावी. मंदिराची देखभाल पूर्वीं पोळकर नांवाच्या स्थानिक सेवेकऱ्यांकडे होती. त्यांचा अंमल विसाव्या शतकाच्या आरंभीं सुटला आणि १९०५ सालीं दोन्ही पंथांनीं पूजेच्या वेळांची वांटणी ठरवून घेतली. दार एक, कुलूप एक, मूर्ति एक. पाळ्या मात्र दोन. किल्लीची जोड न करतां काळाची जोड केली, असें या तोडीचें वर्णन करतां येईल.

ही तोड फार दिवस टिकली नाहीं. १९१० सालीं श्वेतांबरांनीं अकोल्याच्या न्यायालयांत दावा लाविला. त्याचा निकाल १९१८ सालीं झाला. नागपूरच्या न्यायिक आयुक्तांच्या न्यायालयानें १९२३ सालीं आपला निर्णय दिला. आणि ९ जुलै १९२९ रोजीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलानें तो कायम केला. या निर्णयाचा आशय असा कीं, मंदिराचें व मूर्तीचें व्यवस्थापन एकट्या श्वेतांबरांकडे राहावें. त्यांस आपल्या रीतीप्रमाणें पूजा व लेप करण्याचा अधिकार असावा. दिगंबरांस १९०५ च्या ठरावाप्रमाणें पूजेचा अधिकार असावा, परंतु त्यांनीं वरील अधिकारांस अडथळा करूं नये.

या निवाड्याची मांडणी किल्लीच्या दृष्टीनें वाचली म्हणजे तिचें मर्म उलगडतें. व्यवस्थापन म्हणजे व्यवहारांत किल्ली. पूजेचा अधिकार म्हणजे दार उघडल्यानंतरचा वेळ. न्यायालयानें हीं दोन वेगळीं केलीं. हा विवेक कायद्याच्या दृष्टीनें शुद्ध आहे. परंतु ज्याच्या हातीं वेळ आहे आणि किल्ली नाहीं, त्यास आपला वेळ दुसऱ्याच्या मर्जीवर आहे असें सदैव वाटतें. आणि ज्याच्या हातीं किल्ली आहे, त्यास दुसऱ्याचा वेळ हा आपल्या अधिकारावरील बोजा वाटतो. लेपाच्या कारणावरून पुढेंही तंटे व दावे चालू राहिले, आणि अखेर १९८१ सालीं गाभाऱ्यास कुलूप पडलें. तेव्हांपासून भाविकांनीं दाराच्या झरोक्यांतून दर्शन घेतलें. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ मधील आदेशानंतर मार्च महिन्यांत तें दार उघडलें. तोंवर ४२ वर्षें होत आलीं होतीं. ज्या मुलानें कुलूप लागतांना बापाच्या खांद्यावर बसून दर्शन घेतलें असेल, तो उघडतांना पन्नाशीकडे झुकला असेल.

कोणाचा पक्ष न्याय्य, हें सांगणें आमचें काम नव्हे; तें न्यायासनानें सांगितलें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, किल्ली दोघांपैकीं एकाजवळ असली तरी तंटा, आणि दोघांपैकीं कोणाजवळही नसली तरी पूजेस अटकाव, अशी ही स्थिति आहे. खजिन्याच्या दुहेरी कुलपास दोन माणसें एकमेकांवर विश्वास न ठेवतांही चालतात, कारण पैशाचें काय करावयाचें हें नियमानें आधींच ठरलेलें असतें. जेथें वस्तूचें काय करावयाचें याबद्दलच मतभेद, तेथें दोन किल्ल्यांनीं काम भागत नाहीं.

[ ५ ]

दुसरें उदाहरण कारंजाचें. कारंजा हें भट्टारकांचें मोठें केंद्र. सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही परंपरांचीं मंदिरें व त्यांचीं ग्रंथभांडारें तेथें आहेत. शतकानुशतकें या भांडारांचा उपयोग पूजेपुरता आणि राखणीपुरता होता. राखणीमुळें ग्रंथ वांचले, ही गोष्ट कृतज्ञतेनें मान्य केली पाहिजे. परंतु ते कोणास वाचावयास मिळाले तें रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ सालीं प्रसिद्ध केल्यानंतर. त्यानंतर अमरावतीच्या महाविद्यालयांतील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन, हे निराळे, यांनीं या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ बाहेर आणले. 'जसहरचरिउ' १९३१ सालीं डॉ. प. ल. वैद्य यांनीं, आणि 'सावयधम्मदोहा', 'णायकुमारचरिउ', 'पाहुडदोहा' व 'करकंडचरिउ' हे १९३२ ते १९३४ या काळांत डॉ. जैन यांनीं संपादिले. आपल्या देशी भाषांची अपभ्रंशांतून झालेली घडण कळण्यास या ग्रंथांचें केवढें साहाय्य झालें, हें भाषेच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

परंतु कारंजाचा आमच्या विषयाशीं जो निकटचा संबंध आहे तो याहून वेगळा आहे. दिगंबर परंपरेंत परम आदरणीय असा जो 'षट्खंडागम', त्यावरील वीरसेनाचार्यांची 'धवला' टीका दक्षिण कानड्यांत मूडबिद्री येथें जुन्या कानडी लिपींतील ताडपत्रांवर तेवढी उरली होती. तीं ताडपत्रें कुलपांत असत. यात्रेकरूंस त्यांचें दर्शन मिळे, वाचन मिळत नसे. ताडपत्रें जीर्ण होत चाललीं हें पाहून सोलापूरचे हिराचंद नेमचंद व मुंबईचे माणिकचंद यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करविण्याचा उद्योग आरंभिला. भांडारकर्त्यांनीं अनुमति दिली, पण नक्कल मूडबिद्रीसच राहावी, बाहेर जाऊं नये, या बोलीवर. हें काम सुमारें २५ वर्षें चाललें. नकलनविसांत मिरजेचे गजपति शास्त्री होते. त्यांनीं आपल्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्यानें कोणास न कळत कानडी लिपींत आणखी एक प्रत करून घेतली. ती सहारनपूरच्या एका श्रीमंत गृहस्थांकडे गेली. तेथें तिचें देवनागरींत लिप्यंतर होत असतां, तें काम करणाऱ्या सीताराम शास्त्री यांनींही आपल्यापुरती एक प्रत ठेवून घेतली. आणि तिच्यावरून झालेल्या प्रती ठिकठिकाणीं पसरल्या. त्यांपैकीं एक कारंजाच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमांत आली.

डॉ. हिरालाल जैन यांनीं धवलेचा पहिला भाग १९३९ सालीं अमरावतीहून प्रसिद्ध केला, तो अमरावती, आरा व कारंजा येथील प्रतींच्या आधारें. सोळा भागांचें हें कार्य १९५८ सालीं पुरें झालें. विशेष हें कीं, ग्रंथ छापून निघाल्यावर मूडबिद्रीच्या अधिकाऱ्यांचेंही मन वळलें आणि पुढील भागांसाठीं मूळ ताडपत्रांशीं पाठ ताडून पाहण्याची अनुमति मिळाली. लपवून केलेल्या प्रतीनें मूळ कुलूप उघडलें, असा हा प्रकार आहे.

यावर काय म्हणावें? वर सांगितलेल्या सूत्राप्रमाणें विचारावयाचें तें एवढेंच, कीं प्रत खरी होती, पण ती करणाराचा अधिकार खरा होता काय? नव्हता. भांडारकर्त्यांच्या अटीचा भंग झाला, आणि तो दोन वेळां झाला. किल्लीचा ठसा मेणावर उमटवून घेणाऱ्या नोकरांत व या नकलनविसांत, कृतीपुरतें पाहिल्यास, भेद नाहीं. तथापि किल्लीच्या जोडीनें मालकाची वस्तु जाते. ग्रंथाच्या जोडीनें मूळ ग्रंथ जेथल्या तेथें राहून त्याचें आयुष्य मात्र वाढतें. हा भेद कृतीचा नव्हे, वस्तूचा आहे. म्हणून आम्ही त्या चोरट्या प्रतींचें समर्थन करीत नाहीं. पण ज्या निर्बंधामुळें प्रामाणिक मनुष्यास चोरी केल्याखेरीज ग्रंथ वांचवितां येत नाहीं, तो निर्बंध सदोष होता, हें म्हणावयास आम्ही कचरत नाहीं. धवलेचे सोळा भाग आज कोणाही विद्यार्थ्याच्या हातीं पडतात. ते मूडबिद्रीच्या अनुमतीनेंच, राजरोस, आणखी तीस वर्षें आधीं पडते तर त्यांत कोणाचें काय गेलें असतें?

[ ६ ]

या विवेचनावरून ज्यांच्या घरीं किंवा देवस्थानांत जुनीं दप्तरें, ताम्रपट, पोथ्या आहेत त्यांस कांहीं व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात. दप्तरास दोन कुलपें भिन्न घडणीचीं असावीं व त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या माणसांजवळ असाव्या. प्रत्येक किल्लीची जोड असावी, पण ती मोहोरबंद करून गांवाबाहेरच्या विश्वासू संस्थेंत किंवा बँकेंत ठेवावी, आणि वर्षांतून एकदां ती मागवून कुलपास लावून पाहावी. किल्ली एकाकडून दुसऱ्याकडे गेली म्हणजे तिची तारीख व दोघांच्या सह्या वहींत असाव्या. दोघांच्या लेखी संमतीवांचून नवी किल्ली करूं नये. आणि किल्ली हरवली तर किल्ली न बदलतां कुलूप बदलावें.

सहावी सूचना सर्वांत महत्त्वाची. कागदाची खरी जोडकिल्ली म्हणजे त्याची प्रत. २००३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपि मिशननें हस्तलिखितांच्या नोंदी व छायाप्रती करण्याचें काम देशभर हातीं घेतलें, तेव्हां अनेक घराण्यांनीं दार उघडलें आणि अनेकांनीं उघडलें नाहीं. न उघडणाऱ्यांची भीति आम्हांस समजते. वडिलोपार्जित वस्तु हातची जाईल, जमिनीच्या वादांत तिचा उपयोग कोणी करील, किंवा आपल्या घराण्याचें नांव कोठेंही न येतां दुसराच कोणी मोठा होईल, ही ती भीति. आणि ती निराधार नाहीं. म्हणून प्रत कोणी करावी, कोठें ठेवावी, कोणास दाखवावी, छापतांना मालकाचें नांव कसें यावें, याच्या अटी मालकानेंच घालाव्या व त्या लेखी असाव्या. अट घातलेली प्रत झाली तर मूळ मालक निश्चिंत राहतो. अटीच नसतील, किंवा अट एवढीच असेल कीं प्रत करूंच नये, तर ती प्रत एक तर गजपति शास्त्र्यांसारखा कोणी लपून करील, नाहीं तर वाळवी त्या कागदाचें काम पुरें करील. वाळवीस किल्ली लागत नाहीं.